सबनीस सरांचा तारा

"सर, तुमचा सापडला," मी दारातूनच म्हणाले.

सबनीस सर टेबलावर एका जुन्या पॉवर सप्लायचं पोट उघडून बसले होते. ओठांत दोन स्क्रू धरलेले. ते त्यांनी तळहातावर काढले आणि विचारलं, "काय सापडलं?"

"तुमचा खोटा तारा. शनिवारच्या निरीक्षणात आहे. सेकंदाला चाळीसेक ठोके. रेषा बघा कशी आलीय!"

मी आलेखाचा कागद पुढे केला. सरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, कागद खिडकीकडे धरून आडवा पाहिला, उभा पाहिला. मग माझ्याकडे असं पाहिलं, की माझं काहीतरी चुकलं असावं असंच मला वाटलं.

"गुंजाळ," ते म्हणाले, "मी अजून घातलेलाच नाही."

आता हे खोट्या ताऱ्याचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची आहे. चिंचोलीच्या माळावर आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्या होत्या आणि मी तिथे सबनीस सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. तारे बघायचे म्हणजे रात्री जागायचं, अशी संगमनेरला माझ्या आईची समजूत होती. फोनवर ती काळजीनं विचारायची, "झोप होते का गं?" रेडिओ दुर्बिणीला दिवस काय नि रात्र काय, दोन्ही सारखेच. मी एखाद्या कारकुनासारखी दहाला यायचे, डबा खायचे, तारे बघायचे आणि सहाला होस्टेलवर जायचे. आईला हे कधी पटलं नाही.

आमचं काम पल्सारचं. पल्सार म्हणजे मेलेला तारा, पण गरगर फिरणारा. त्याचा रेडिओचा झोत दर फेरीला एकदा आपल्यावरून जातो, म्हणून आपल्याला तो घड्याळासारखा ठोके देताना ऐकू येतो. हे ठोके फार बारीक असतात. आजूबाजूच्या गोंगाटातून ते वेचून काढणारं यंत्र मी बांधत होते. तीन वर्षं त्याच्यात गेली होती. ते यंत्र दुर्बिणीला कायमचं जोडलं गेलं तर मी डॉक्टर, नाहीतर संगमनेरला परत.

आणि कायमचं जोडण्याआधी आमच्याकडे एक रीत होती. ज्यानं यंत्र बांधलं त्याला न सांगता दुसऱ्या कुणीतरी त्यात खोटे ठोके मिसळायचे. कधी मिसळणार, किती वेगाचे, काही सांगायचं नाही. बांधणाऱ्यानं ते शोधून आलेख आणून दाखवायचा. ज्यानं मिसळले त्यानं तो बघून एकच शब्द बोलायचा: "माझा." मग यंत्र पास, आणि कॅन्टीनमध्ये सगळ्यांना कांदाभजी. पण बहुतेकदा लोक उतावीळपणे भलतंच काहीतरी घेऊन यायचे, शेतातल्या मोटरीचा आवाज, नाहीतर कुणाच्या मोटरसायकलची ठिणगी. त्यांना उत्तर मिळायचं, "माझा नाही." की निघाले मान खाली घालून परत. हे खोटं मिसळायचं काम सबनीस सर स्वतः करत. त्यांच्या हातची नक्कल इतकी हुबेहूब असे, की खऱ्या ताऱ्यानं लाजावं.

म्हणून सर जेव्हा म्हणाले, की मी घातलेलाच नाही, तेव्हा मी मुकाट्यानं कागद परत घ्यायला हात पुढे केला.

त्यांनी तो दिला नाही.

"थांब. ठोका पसरलाय का?"

"पसरलाय सर. वरच्या लहरी आधी, खालच्या मागाहून."

"नीट? कोष्टकाप्रमाणे?"

"अगदी."

मोटरीची ठिणगी सगळ्या लहरींवर एकदमच उडते. ती शेजारच्या वावरातून आलेली असते, तिला मागेपुढे व्हायला वेळ कुठला! पण ताऱ्याचा ठोका अंतराळातून शेकडो वर्षं चालत येतो, आणि त्या वाटेत खालच्या लहरी रेंगाळतात, मागे पडतात. तसं पसरलेलं काहीही शेतातलं नसतं. ते आभाळातलंच असतं. नाहीतर मग सबनीस सरांनी घातलेलं.

सर उठले. खिडकीपाशी गेले, परत आले.

"गुंजाळ, हा माझा नाही," ते म्हणाले. "आणि तिथे कुठलाही ओळखीचा तारा नाही. कळतंय का तुला काय म्हणतोय मी?"

कळायला मला थोडा वेळ लागला. मग मात्र मी चक्क उडी मारली. सव्वीस वर्षांची घोडी, पण मारली.

सबनीस सरांबद्दल सांगायचं तर त्यांनी आयुष्यभर यंत्रंच बांधली. त्यांच्या यंत्रांवर कितीतरी जणांनी तारे शोधले. शोधलेल्यांची नावं जगभर झाली, सरांचं नाव निबंधाच्या शेवटी आभारांत यायचं. ते स्वतःला सुईण म्हणायचे. "मूल दुसऱ्याचं," ते म्हणत, "आपण आपली नाळ कापायची आणि घरी जायचं." हे हसत म्हणत. पण दुसऱ्या कुणाला तारा सापडल्याची बातमी आली, की त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ सोल्डरिंग करत बसायचे, एवढं मी पाहिलं होतं. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. माझं यंत्र हे त्यांच्या देखरेखीखालचं शेवटचं.

आणि जाता जाता त्यांना तारा मिळाला होता. माझ्या यंत्रावर! दुधात साखर म्हणतात ती हीच, असं मला त्या दुपारी वाटलं.

मुजावर मंगळवारी परत आले. इलाही मुजावर आमचे इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, मूळ मिरजेचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. बहिणीच्या लग्नासाठी शुक्रवारी गावी गेले होते. आल्या आल्या मी त्यांना बातमी सांगितली.

"मी चार दिवस नव्हतो तर लगेच तारा?" ते म्हणाले. "म्हणजे मीच अपशकुनी होतो म्हणायचं की गं!"

"सरांना बघा, कसे दिसतायत."

सर खरोखरच दहा वर्षांनी तरुण दिसत होते. शिपायापासून कॅन्टीनच्या बबनपर्यंत सगळ्यांना त्यांनी तारा समजावून सांगितला होता. बबनला तर दोनदा. सोमवारी सांगितला होता हे विसरून मंगळवारी पुन्हा पहिल्यापासून. बबनही सज्जन, त्यानं दुसऱ्यांदाही तेवढंच आश्चर्य दाखवलं. आनंदात माणसाला भान राहत नाही, असं म्हणून आम्ही हसलो.

मुजावरांनी आलेख पाहिला. तासाभराचे ठोके एकाखाली एक मांडले, की त्यांची उभी रेषा दिसते. ही रेषा पट्टी धरून मारल्यासारखी सरळ होती. सर तिच्यावरून बोट फिरवत म्हणत होते, "काय सरळ आहे! ना हालचाल, ना डुगडुग. लाखात एक तारा आहे हा." मीही मान डोलावत होते.

"मला काय तेवढं शेतकीचं काढून टाकल्याशिवाय चैन पडायचं न्हाई," मुजावर म्हणाले, आणि हातातला छोटा अँटेना घेऊन दिवसभर माळावर हिंडून आले. कुणाच्या विहिरीवर, कुणाच्या पोल्ट्रीवर. काही सापडलं नाही. संध्याकाळी पायांतले काटे काढत ते म्हणाले, "सरांचं नशीब जोरावर आहे म्हणायचं."

बुधवारी आम्हांला पुन्हा दुर्बिणीची वेळ मिळाली. तबकड्या त्याच जागी वळवल्या. यंत्रानं दोन तास कान टवकारले. काही नाही. गुरुवारी सकाळी पुन्हा. पुन्हा काही नाही.

माझं तोंड उतरलं. सर मात्र शांत होते.

"असतात असे," ते म्हणाले. "काही पल्सार मध्येच गप्प बसतात. झोप काढतात आणि पुन्हा जागे होतात. आपल्याला रोज वेळ मिळत नाही, म्हणून आपण जगाला सांगू. उद्या शुक्रवारी निवेदन पाठवतो. सगळ्या वेधशाळांनी नजर ठेवली, की कुणाला तरी तो जागा असताना सापडेल."

"उद्याच, सर?"

"मग कधी? महिनाअखेरीला माझी किल्ली काढून घेतील." ते हसले. "पहिलं नाव तुझं घातलंय. आणि हो, उद्या शैला येतेय."

शैलाकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. पुण्यात बँकेत होत्या. सर तीस वर्षं दुर्बिणींवर काम करत होते, पण काकूंनी आजवर एकही पाहिली नव्हती. "तबकड्याच ना?" त्या म्हणायच्या, "आमच्या गच्चीवर केबलवाल्याची आहे तेवढी पुरे." आता ताऱ्याचं कळल्यावर मात्र त्या रजा टाकून येणार होत्या.

गुरुवारी दुपारी मला तसं काही काम नव्हतं. यंत्राचा एक शेवटचा भाग जोडायचा राहिला होता, तो मी हातात घेतला. त्याला आम्ही पृथ्वीची दुरुस्ती म्हणायचो. ती समजायला जत्रेतल्या पाळण्यात बसून बघावं. खाली एका जागी बँड वाजत असतो. पाळणा खाली आला, की तो जवळ येतो, वर गेला की लांब जातो. बँड तोच, पण आपल्याला तो सारखाच कधीच ऐकू येत नाही. आपण पृथ्वीच्या पाळण्यात बसलेलो आहोत. ती स्वतःभोवती फिरते, सूर्याभोवती फिरते. त्यामुळे ताऱ्याचे ठोके आपल्यापर्यंत किंचित लवकर, किंचित उशिरा असे येतात, आणि त्यांची रेषा जराशी वाकते. दुरुस्ती केली, की ती सरळ होते.

मी दुरुस्ती जोडली आणि आधी एक ओळखीचा तारा लावून पाहिला. वाकडी रेषा सरळ झाली. छान. मग मोठ्या हौसेनं आमचा शनिवारचा तारा लावला.

सरळ रेषा वाकडी झाली. पडवळासारखी.

पहिल्यांदा मला वाटलं, अधिक-उण्याची गफलत झाली. ओळखीचा तारा पुन्हा लावला, तो सरळ. दुसरा ओळखीचा लावला, तोही सरळ. आमचा वाकडाच.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. शनिवारी यंत्रात दुरुस्ती नव्हतीच. सर ती आहे असं धरून चालले होते. नाही हे मला माहीत होतं, पण आनंदात ते आठवलं कुणाला? दुरुस्ती नसताना खऱ्या ताऱ्याची रेषा वाकडीच यायला हवी होती. ज्या सरळपणाचं आम्ही चार दिवस कौतुक करत होतो, तोच त्याचा खोटेपणा होता. पाळणा वर जावो की खाली येवो, ज्याचा आवाज बदलत नाही तो बँड खाली जमिनीवर नसतो. तो आपल्या शेजारी, आपल्याच पाळण्यात बसलेला असतो.

हे ठोके पृथ्वीवरचे होते. आणि पृथ्वीवर इतके नीट पसरलेले ठोके बनवू शकणारा माणूस आमच्या माळावर एकच होता.

मी मुजावरांना बोलावून आणलं. दोन्ही आलेख समोर ठेवले. त्यांनी दोन्ही रेषांवर पट्टी ठेवून पाहिली.

"सर मुद्दाम गंमत करतायत का आपली?" मी विचारलं. खरं म्हणजे मला तसंच असायला हवं होतं.

"उद्या जगाला कळवायला निघालेला माणूस गंमत करतोय होय?" मुजावर म्हणाले. "न्हाई गं. त्यांनी शनिवारी घातला, त्यात पृथ्वीची गती मिसळायची राहिली, आणि घातल्याचंही विसरले."

"असं कसं विसरतील?"

"गेल्या महिन्यात त्यांनी मला एकच सर्किट दोनदा तपासायला दिलं. मी म्हटलं, कामाचा रगाडा." ते खुर्चीत मागे टेकले. "तू बबनचं बघितलंस. आपण हसलो."

मला रडू आलं. आवरावंसंही वाटलं नाही. सरांचा तारा गेला एवढंच असतं तर मी ते कसंही सांगितलं असतं. पण तारा खोटा आहे हे सांगायचं म्हणजे तुमचं डोकं आता तुमच्या ताब्यात नाही हेही सांगायचं, ते एकाच वाक्यात. आणि सांगायचं नाही, तर उद्या सरांच्या नावावर जगभर एक खोटा तारा जाणार, तेही निवृत्तीच्या महिन्यात. महिन्याभरात कुणीतरी हिशेब करणार आणि हसणार. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे तारे पकडले, त्याच्यावर.

"निवेदन थांबवायचं, आणि सरांना कळूही द्यायचं न्हाई," मुजावर म्हणाले. "मी सांगतो, मी घातला. चेष्टा म्हणून."

"सर तुम्हांला आयुष्यात माफ करणार नाहीत."

"न करूदेत. महिनाभरच शिव्या घालतील. पुढं ते कुठं, मी कुठं."

मला ते पटलं नाही, पण त्याहून बरं काही सुचलंही नाही.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर संस्थेच्या जीपमधून काकू आल्या. माळावर पेट्रोलची गाडी आणायची नाही, तिच्या ठिणग्यांचा त्रास होतो, म्हणून ती डिझेलची जीप खडखडत यायची. काकू उतरल्या त्या धुळीनं माखूनच. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि समोरच्या तबकडीकडे मान वर करकरून पाहिलं.

"एवढी मोठी असते होय!" त्या म्हणाल्या. "मला काय माहीत!"

सर त्यांना हाताला धरून आत घेऊन आले. मी एवढ्या वर्षांत त्यांना काकूंचा हात धरताना पाहिलं नव्हतं. त्यांनी आलेख टेबलावर पसरला आणि काकूंचं बोट रेषेवर ठेवलं.

"ही रेषा म्हणजे तो. एकेक ठिपका म्हणजे एकेक ठोका."

"सरळ आहे की," काकू कौतुकानं म्हणाल्या.

मी दारात उभी होते. हातात वाकड्या रेषेचा कागद. मुजावर माझ्यामागून आत आले आणि एकदम म्हणाले, "सर, माझी चूक झाली."

सरांनी वर पाहिलं.

"तो मी घातला होता. गुंजाळची गंमत करावी म्हणून. मग एवढं वाढलं, की सांगायची हिंमत होईना."

सर कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही. फक्त लालबुंद झाले.

"तू?"

"व्हय सर."

"कसा घातलास?"

"मागच्या केबलमधून. तुमच्याच पद्धतीनं."

"पसरण किती ठेवलीस?"

मुजावरांनी आकडा बरोबर सांगितला. तो आम्ही मोजलेलाच होता.

"आणि पृथ्वीची गती?"

"ती घालायची राहिली सर. म्हणून तर गुंजाळनं पकडला."

सरांनी माझ्या हातातला कागद घेतला. पाहिला, आणि त्यांना सगळं एका नजरेत कळलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तीस वर्षं ह्यातच घालवलेला माणूस, त्याला काय समजावून सांगायचं! ते हळूच खुर्चीवर बसले. मला वाटलं, झालं, निभावलं.

"मुजावर," ते म्हणाले, "हे निरीक्षण शनिवारचं आहे. तू शुक्रवारी दुपारच्या गाडीनं मिरजेला गेलास. निघताना तुझ्या बॅगेची चेन तुटली, म्हणून मी माझी बॅग दिली. ती तू अजून परत आणलेली नाहीस."

मुजावरांनी कानाची पाळी पकडली.

"तू खोटं चांगलं बोलत नाहीस," सर म्हणाले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आणि गुंजाळ स्वतःच्या यंत्रात स्वतः घालणार नाही. मग राहिलो मी."

ते माझ्याकडे वळले.

"गुंजाळ, तुझं काय म्हणणं आहे? मी घातला?"

त्या वेळी मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. पण ह्याच माणसानं मला शिकवलं होतं, की रेषा वाकडी असेल तर वाकडी म्हण.

"हो सर. तुम्हीच घातला."

"मला आठवत नाही," सर म्हणाले. अगदी साधेपणानं, एखाद्यानं वेळ विचारल्यावर घड्याळ नाही म्हणावं तसं. मग काकूंकडे वळून पुन्हा म्हणाले, "शैला, मला खरंच आठवत नाही गं."

काकू त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. "मी दिवाळीपासून म्हणतेय, डॉक्टरांकडे जाऊ," त्या आम्हांला म्हणाल्या. "तर म्हणायचे, गुंजाळचं यंत्र पुरं होऊ दे."

बाहेर तबकड्या नव्या दिशेला वळत होत्या, त्यांची घरघर ऐकू येत होती. सर ती ऐकत बसले होते. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले, उठले, शर्ट ओढून नीट केला आणि सरळ रेषेचा आलेख हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"माझा," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडले. आमच्यात तशी पद्धत नव्हती, आणि मी मुळात पाया पडणाऱ्यांतली नाही. पण त्या वेळी दुसरं काही करता आलं नाही. मुजावर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होते. निवेदनाचा कागद सरांनी स्वतः फाडला, आणि मग कॅन्टीनला जाऊन बबनला भजी टाकायला सांगितलं, कारण यंत्र पास झालं होतं. भजी कुणाच्या घशाखाली नीट उतरली नाहीत. काकूंनी मात्र दोनदा मागून घेतली, सरांना बरं वाटावं म्हणून.

माझं यंत्र दुर्बिणीला जोडलं गेलं. पुढे त्यानं खरे तारेही शोधले, वाकड्या रेषांचे. मी डॉक्टर झाले. पुढे माळावरच राहिले, आणि आता माझ्या हाताखाली मुलं-मुली यंत्रं बांधतात. सर महिनाअखेरीला ठरल्याप्रमाणे निवृत्त झाले. डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. ते हळूहळूच आलं, पण आलं.

पुण्याला गेले की मी त्यांच्याकडे जायचे. आधी कामाचं बोलायचो, मग हवापाण्याचं. नंतर नंतर ते मला ओळखायचे, पण नाव घेत नसत. अशाच एका दुपारी काकू चहा आणत होत्या, आणि सर मध्येच म्हणाले, "माझा एक तारा होता. चिंचोलीला. त्याचं पुढे काय झालं?"

काकूंनी ट्रे खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं मला न बोलताच कळलं: काहीतरी गोड सांग. आहे म्हण, रोज उगवतो म्हण, काय बिघडणार आहे. माझ्याही जिभेवर तेच आलं होतं. पण सर माझ्याकडे बघत होते, कागद हातात घेतल्यावर आलेखाकडे बघायचे तसे.

"तो खोटा होता सर," मी म्हणाले. "तुम्हीच घातला होता. माझ्या यंत्राची परीक्षा घ्यायला. आणि मला काही सांगितलं नव्हतंत."

काकूंनी डोळे मिटून घेतले. सर विचार करत होते. कपाळावर आठ्या, ओठ आवळलेले.

"आणि यंत्रानं पकडला?" त्यांनी विचारलं.

"पकडला सर. पहिल्याच फटक्यात."

"अरे वा!" त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. चेहरा असा उजळला, की असा तो चिंचोलीला त्या सोमवारीसुद्धा उजळला नव्हता. "शैला, ऐकलंस का? न सांगता पकडला! ह्याला म्हणतात यंत्र!"

त्यानंतर मी जाईन तेव्हा ते ताऱ्याचं विचारायचे. मी दर वेळी खरं तेच सांगायचे, आणि त्यांच्यासाठी ती दर वेळी नवी बातमी असायची.